डॉक्टरांनी हात लावला

सात वर्षं मालिकेत डॉक्टरचं काम केलं, म्हणून सगळे त्याला डॉक्टरच म्हणायचे. भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत. बायको तेवढी हसायची, "घरात तापाची गोळी कुठे असते ते ठाऊक नाही, आणि म्हणे डॉक्टर!" पण खोटं कशाला बोला, त्याची छाती फुगायचीच.

मागच्या महिन्यात लिफ्टमध्ये एका म्हाताऱ्याने त्याला गाठलं. छातीत जड वाटतंय म्हणाला. आता सेटवरची सवय अशी, की कुणी आजार सांगितला रे सांगितला, की याचा हात मनगटावर जायचा, आपलं घड्याळ कॅमेऱ्यात दिसेल अशा बेताने. नाडी नेमकी कुठे लागते हे त्याला बापजन्मी माहीत नव्हतं. "काही नाही हो काका, ॲसिडिटी आहे," असं ठोकून दिलं आणि आपल्या मजल्यावर उतरला.

आज त्या काकांची मुलगी मेकअपच्या खोलीत उभी होती. सोबत तिची आई.

"बाबा गेले," मुलगी म्हणाली. "त्याच रात्री."

आता ही मुस्काटात मारणार, असं त्याला वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं, देवाशपथ! पण तिने हात जोडले.

"दवाखान्यातच निघाले होते. तुम्ही भेटलात आणि परत आले. इतके खूश होते! कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले, तुमच्यामुळे."

त्या मनगटाची ऊब त्याच्या बोटांना एकदम जाणवली. त्याने हात पँटला पुसला, तरी ती जाईना.

"आईलाही सकाळपासून तसंच होतंय," मुलगी म्हणाली. "दवाखान्यात चल म्हटलं, तर तुम्हालाच दाखवायचं म्हणून हटून बसली."

म्हातारीने हात पुढे केला. कपाळावर घामाचे थेंब होते.

"अहो आजी, मी नट आहे! मला यातलं काहीएक कळत नाही. काका माझ्यामुळे गेले हो!"

म्हातारी मायेने हसली. "बघ गं, एवढा मोठा माणूस, पण किती साधा! तुम्ही नुसता हात लावा, मग मी घरी जाते."

त्याने हातापाया पडून पाहिलं. छे! शेवटी त्याने पाठ ताठ केली, आवाज खाली आणला. "आजी, मी सांगतोय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. मी बरोबर येतोय." म्हातारी मुकाट्याने उठली. तो आवाज इतक्या सहज आला, की त्याच्याच अंगावर काटा आला.

दवाखान्यात तो शूटिंगचा पांढरा कोट घालूनच धावत होता. वाटेत दोघांनी फोटो मागितला. खरी डॉक्टर म्हातारीच्या छातीला वायरी लावत होती, काय होतंय ते विचारत होती. म्हातारीचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ती टक लावून याच्या तोंडाकडे बघत होती.

यंत्र ओरडू लागलं. डॉक्टर नर्सवर खेकसली. भीतीने त्याचं आतून पाणी पाणी झालं. तरी तो शांतपणे हसत राहिला, कारण म्हातारीने अजून त्याच्यावरून नजर हटवली नव्हती.