निखाऱ्यांनी नेलेला जांभळा रंग

मित्रांनो, मी एक जुना दुरंगी खडा आहे. म्हणजे होतो. अर्धा जांभळा, अर्धा मधाच्या रंगाचा. बोलिव्हियाच्या पूर्वेला, दलदलीपलीकडच्या खाणीत माझा जन्म झाला. आमच्याकडे मला बोलिव्हियानिता म्हणतात.

मला पैलू पाडले ते सांता क्रूझच्या एलेउतेरिओने. दोन रंगांमधली रेघ सरळ यावी म्हणून तो तीन दिवस मान मोडून चाकावर बसला होता. त्याची बायको कासिमिरा म्हणाली, "लग्नाआधी मला एवढं निरखून पाहिलं असतंस, तर पळूनच गेला असतास."

"जांभळी तू, पिवळा मी," तो म्हणाला. "मधली रेघ भांडणाची."

मग त्याने मला तिच्या अंगठीत बसवलं. वीस वर्षं मी तिच्या बोटावर होतो. पीठ मळताना ती मला काढून ठेवी, कोमट साबणाच्या पाण्याने धुई, मऊ फडक्याने पुसे. शेजारणी कौतुक करत. पुढे दगडाची धूळ छातीत बसून एलेउतेरिओ गेला आणि मी डब्यात पडलो. किती वर्षं, ते मोजलं नाही.

यंदा त्यांच्या मुलीचं, नायराचं लग्न ठरलं. आईला अंगठी तिलाच द्यायची होती. कार्निवलच्या मंगळवारी आमच्याकडे घराला, गाडीला, शिलाईयंत्राला धूप दाखवून वर बिअर शिंपडतात. मलाही बाहेर काढलं.

"आई, वरून धूर दाखव, पुरे," नायरा म्हणाली.

"तुझ्या बाबांची वस्तू आहे. वरवरचा आशीर्वाद कशाला?"

कासिमिराने मला धुपात जाळायच्या साखरेच्या वड्यांसोबत थेट निखाऱ्यांवर ठेवलं आणि राख निवेपर्यंत तिथेच राहू दिलं. मला काही दुखलं नाही. जांभळा रंग कधी गेला, तेही कळलं नाही. बाहेर काढलं तेव्हा मी सगळाच पिवळा होतो.

तिने मला उजेडात धरून पुन्हा पुन्हा फिरवलं. रडली नाही.

"तुझे बाबा उरलेत," ती म्हणाली. "मी गेले."

मित्रांनो, आम्हाला आच सोसत नाही. रखरखीत उन्हात ठेवू नका, उकळत्या पाण्यात घालू नका. आशीर्वाद द्यायचाच असेल तर दुरून द्या.

लग्नात नायराच्या बोटाकडे पाहून पाहुणे म्हणाले, किती छान पिवळा खडा. नायराने आईकडे पाहिलं.

"हो," कासिमिरा म्हणाली, "तिच्या बाबांवर गेलाय."