आधी दिवा सोडा

महादेवरावांच्या विहिरीभोवती त्या शनिवारी अशी गर्दी लोटली होती की गावातल्या चहाच्या टपरीवर कुत्रंसुद्धा उरलं नव्हतं. मधोमध भगवी कफनी नि काळा चष्मा घालून वायुनाथ महाराज उभे होते.

दोन हजार नऊचा उन्हाळा. मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागा माना टाकत होत्या. विहिरी आणखी खोल केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि खोल विहिरीच्या तळाशी ती मेली जड हवा बसलेली. कार्बन डायऑक्साइड. दिसत नाही, वास येत नाही, माणूस मात्र उभ्या उभ्या कोसळतो.

महाराजांनी बादलीत पेटता दिवा ठेवून खाली सोडला. अर्ध्यावर गेला नि विझला. "अरे बाप रे!" गर्दी मागं सरली. मग त्यांनी लिंबू अडकवलेली लाल फडक्याची ओली पोटली दोराला बांधली, मंत्र पुटपुटत पाव तास खाली-वर, खाली-वर केली, आणि पुन्हा दिवा सोडला. दिवा तळाला टेकला तरी जळतच होता! शंख वाजला, बायकांनी पदर पसरले.

"याला म्हणतात कॅटालिस्ट!" महाराज गरजले. "विलायतेतले शास्त्रज्ञ हवेतला कार्बन पकडतात, पण पकडलेला सोडवायला त्यांना भट्ट्या पेटवाव्या लागतात. कॅटालिस्ट घालून थोडी आग वाचली तर केवढा डंका पिटतात! आपल्या ऋषींच्या कॅटालिस्टला आगच लागत नाही. अर्धा तास ऊन दाखवा, पोटली रिकामी. जन्मभर वापरा! फक्त एक पथ्य. यापुढे विहिरीत दिवा सोडायचा नाही. शंका घेतली की कॅटालिस्ट रुसतो."

नईमा मोर्शीच्या कॉलेजात दहा वर्षं रसायनशास्त्र शिकवत होती. रुसणारा कॅटालिस्ट तिनं पहिल्यांदाच पाहिला.

"महाराज, वापरलेली पोटली तोलून बघू का?" तिनं विचारलं. "कॅटालिस्ट काम सोपं करतो, स्वतः काही खात नाही. त्याचं वजन वाढता कामा नये."

"आईची माया तोलता का, ताई?" महाराज हसले. झालं! टाळ्यांचा कडकडाट. मायेचा नि वजनाचा संबंध काय, हे विचारायला कुणाला सवड होती?

आता पोटली विकत घ्यायची वेळ आली. महाराजांच्या जीपमध्ये शंभर कोऱ्या पोटल्या होत्या. पण महादेवराव पडले पक्के वऱ्हाडी. बैल घ्यायचा तर आधी औताला जुंपून बघणार. "कोरी नोको बाप्पा. आमच्या डोयादेखत चालली तेच द्या." महाराजांनी जरा आढेवेढे घेतले, आणि 'सिद्ध' झालेली म्हणून तीच वापरलेली पोटली दुप्पट दक्षिणेत दिली. ती जाऊन पडली खुशालरावांच्या हातात, कारण सोमवारी विहिरीत उतरायचे होते ते.

खुशालराव विहिरीतला गाळ काढायचे. नईमा त्यांच्याच घरी भाड्यानं राहायची. बावीस वर्षं ते उतरायच्या आधी त्यांची बायको मनकर्णा विहिरीला हळद-कुंकू वाहायची आणि स्वतःच्या हातानं दिवा खाली सोडायची. दिवा विझला तर काम बंद, मग मालक कितीही ओरडो. सुरुवातीला नईमालाही ती अंधश्रद्धाच वाटली होती. पुढं तिच्या ध्यानात आलं, गावात एकच खरी प्रयोगशाळा आहे, आणि ती या बाईच्या हातात आहे.

नईमानं पोटलीतली चिमूटभर पूड कागदात बांधली आणि रविवारी बडनेऱ्याला माहेरी गेली. तिचे अब्बा गयासुद्दीन यांची जन्मभर चुन्याची भट्टी. त्यांनी पूड बोटांत चोळली. "चुना आहे हा, बेटा. आन तोबी मेलेला."

तिनं त्यावर लिंबू पिळलं. फस्स करून फेस आला. अंगणातल्या ताज्या भिजवलेल्या चुन्यावर पिळलं, तिथं काहीच नाही.

सगळं उघड झालं. ताजा ओला चुना विहिरीतली ती जड हवा गिळतो, आणि गिळली की त्याचा खडू होतो. लिंबाच्या आंबटानं तीच हवा फेस होऊन बाहेर येते. म्हणजे उन्हात वाळवूनही पोटलीचं पोट भरलेलंच होतं. महाराजांचा दिवा जळला तो मुख्यतः पाव तास हवा ढवळल्यामुळं, थोडा ताज्या चुन्यामुळं. दुसऱ्या गावाला दुसरी कोरी पोटली, एवढीच काय ती ऋषींची विद्या!

"ऊन दाखवून मेला चुना जित्ता झाला असता," अब्बा म्हणाले, "तं मी काय येडा होतो साऱ्या उमरभर कोयसा जाळाले? भट्टी लालबुंद होते, तवा कुठी तो हवा सोडते."

"शास्त्रज्ञ तेच तर करून राहिले अब्बा, आग कमी कशी लागेल ते. पण कॅटालिस्ट घाटातली वाट सोपी करतो, डोंगर नाही काढून टाकत."

तिनं लगेच फोन लावला. "मावशी, पोटली मेलेली आहे. दिवा सोडल्याबिगर काकांना उतरू देऊ नका. शपथ आहे माझी."

"नाई उतरू देत, पोरी," मनकर्णा म्हणाली.

सोमवारी पहिल्या एसटीनं नईमा निघाली. उतरून धावत विहिरीवर पोचली, तर गर्दी वाकून विहिरीत बघत होती.

मनकर्णा कठड्याजवळ बसली होती. काय घडलं ते नईमाला लोकांनी सांगितलं. दिवा तिनं आणला होता, पेटवलाही होता. "तुया दिव्यानं पोटली बाटन," माणसं आडवी आली. खुशालरावच म्हणाले, "राहू दे व, मालकासमोर तमाशा नोको." पोटली दोनदा खाली-वर केली, आणि ते उतरले. मनकर्णाच्या हातातला दिवा वर जळतच राहिला. खालून हाक आली नाही तेव्हा कुठं तो तिला सोडू दिला. वीस फुटांवर विझला.

तेवढ्यात महादेवरावांचा पुतण्या नितेश दोर कमरेला बांधून उडी घ्यायला निघाला. त्याला मनकर्णानं धरलं. नवरा खाली पडलेला, आणि ही बाई ओरडत होती, "कोनी उतरू नका! खबरदार! अजून एकाची बायको रांड करू नका!"

गळ टाकून खुशालरावांना वर काढलं, तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता.

नईमा रडत होती, पण तिनं पोटलीची गाठ सोडली. पोटलीला बांधलेलं महाराजांचंच लिंबू तिनं कापलं, पुडीवर पिळलं. सगळ्यांसमोर फेस आला. तिनं समजावून सांगितलं, एकदा, दोनदा. महादेवराव डोकं धरून बसले. महाराजांचा फोन बंद होता. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "श्रद्धा कमी पडली असन." काय करावं अशा माणसांना? नईमाच्या हातात धडधडीत पुरावा होता, आणि ज्याच्यासाठी तो आणला तो माणूस उपरण्याखाली झाकलेला होता.

"पोरी," मनकर्णानं विचारलं, "मी आंधी सोडला असता तं इझला असता?"

खोटं बोलावं, असं नईमाला फार वाटलं. "हो मावशी. विझला असता."

मनकर्णानं मान हलवली.

पुढच्या उन्हाळ्यात जिथं विहिरीचं काम निघे तिथं ती न बोलावता जाऊन उभी राही, हातात दोर नि बादली घेऊन. कुणी हसलं, कुणी अपशकुनी म्हणून हाकललं. ती कुणाशी वाद घालत नसे. कार्बन तिला ठाऊक नव्हता, कॅटालिस्ट तर नाहीच. ती एवढंच म्हणे:

"कोन्या बुवाले मानाचं ते माना, बाप्पा. पन मानूस सोडाच्या आंधी दिवा सोडा. जो बुवा दिवा सोडू देत नाई, त्याले म्हना, आंधी तूच उतर."