गुणलेला पगार

परदेशात लेकीकडे आलेला बाप जन्मभर बसचा कंडक्टर. हिशेब त्याच्या जिभेवरच. हॉटेलातल्या पाटीवरची चहाची किंमत त्याने आपल्या पैशांत गुणली आणि दारातूनच माघारी फिरला. "एवढ्यात आपल्याकडे आख्खं घर आठवडाभर चहा पितं!"

"बाबा, असं गुणत बसलात तर उपाशी राहाल," लेक हसली.

तिचा पगारही त्याने असाच गुणून गल्लीभर मिरवला होता. घरावर मजला चढवायला पैसे मागायचे, म्हणूनच तो आला होता.

लेकीची एकच खोली, पलंगाला खेटून शेगडी. संध्याकाळी घरमालकीण भाडं घेऊन गेली. सवयीने त्याने तेही गुणलं आणि तिच्या गुणलेल्या पगारातून वजा केलं; हाती फारसं काही उरेना.

"बाबा, काहीतरी बोलायचं होतं ना?"

"हो. चल, चहा पिऊन येऊ. पैसे मी देणार."