कमळाचा तिसरा रंग

माझी सून रंग विचारायला माझ्या जावेकडे जाते. घरात मी धडधडीत बसलेली असताना. पायात चपला अडकवायच्या, तीन दारं ओलांडायची आणि "काकी, जरा येता का?" सगळा बुवापाडा ऐकतो.

सुंदरा म्हणजे माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधा धावदोरा घालता येत नव्हता. तीस वर्षं मी भरतकाम केलं आणि ती समोर बसून माझ्या सुयांत दोरे ओवत राहिली. आता तीच आमच्या घरात खुर्ची घेऊन बसते, आमचाच चहा पिते आणि बोट नाचवून सांगते, "हा नको गं, तो घाल."

कशाला लागतं हे विचारणं, ते सांगते. सुनेने, म्हणजे यशोधराने, उल्हासनगरच्या एका सिंधी शेटकडून भरतकामाचं मशीन आणलं, सेकंडहँड. माझ्या लेकाच्या, महेंद्रच्या कॉम्प्युटरवर ती डिझाइन बनवते, बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये भरते आणि तो मशीनच्या कुशीत खुपसते. मशीन आपलंआपण टाके घालायला लागतं. पण त्यातून नुसते टाके उतरतात, रंग उतरत नाहीत. रंग बदलायची जागा आली की मशीन थांबतं आणि कोंबडीच्या पिल्लासारखं ओरडत बसतं. दोरा कुठला लावायचा ते माणसाने सांगायचं.

पहिल्या दिवशी तिने मलाच विचारलं होतं, खोटं कशाला बोलू.

"आई, थांबलंय बघा. आता कुठला लावू?"

"एवढं शहाणं मशीन आणलंस, त्यालाच विचार की."

एकदा बोलले. सासू बोलायचीच. म्हणून काय दुसऱ्या दिवसापासून सुंदरा?

आणि सुंदरा सांगायची ते बरोबर निघायचं, त्याचीच जास्त आग व्हायची. कोयरीला पोपटीच्या आधी मोरपंखी, शेवटी सोनेरीची एकच रेघ. सगळं माझं. समोर बसून डोळ्यांनी उचललेलं. आणि सून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगणार, "आमच्या काकींची नजर काय आहे ना, एक नंबर!"

मग महिला मंडळाच्या साड्या आल्या. अकरा पांढऱ्या साड्या, पदरावर कमळ. कमळ माझं. म्हणजे खाका माझा, बटर पेपरवर सुईने भोकं पाडलेला. रॉकेलमध्ये नीळ कालवून वरून बोळा फिरवला की कापडावर ठिपके उतरायचे. यशोधराने तो मला विचारून नेला, तेवढी रीत आहे तिला, आणि कॉम्प्युटरमध्ये घातला. पण खाक्यात पाकळ्या असतात, रंग नसतो. ते कमळ मी शेवटचं भरलं ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी. सून घरात यायची होती तेव्हा. तिने ते रंगात पाहिलेलंच नाही.

पहिले दोन रंग सुंदरा आदल्या संध्याकाळी सांगून गेली, तिसरा राहूनच गेला. सकाळी ती खरवईला लेकीकडे निघून गेली. तिसऱ्या रंगाला मशीन थांबलं. यशोधरा सवयीने दारापर्यंत गेली, जावेच्या घराला कुलूप आहे हे आठवून परत फिरली.

"आई," उभ्या उभ्याच म्हणाली, "पाकळीच्या टोकाला कुठला?"

फिकट गुलाबी. इतका फिकट, की पांढऱ्यावर आहे की नाही असं वाटावं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितला असता.

"जांभळा," मी म्हणाले.

मला वाटलं, दचकेल. 'काकींना फोन करते' म्हणेल. मग मी तिला चांगली सुनावणार होते. तिने डब्यातलं जांभळं रीळ घेतलं, दोरा ओवला, बटण दाबलं आणि माझ्याकडे बघून हसली. तीन वर्षांत अशी हसली नव्हती.

"बरं झालं तुम्ही होतात. मी गुलाबीच लावून बसले असते."

सुई धावायला लागली. मी ताटात तांदूळ घेऊन बसले होते, पण एक खडा दिसेल तर शपथ. पहिल्या पाकळीचं टोक मुका मार लागल्यासारखं काळंनिळं झालं. मग दुसरीचं. तिसरीला मी ताट आपटून उठले.

"बंद कर ते!"

"काय झालं?"

"बंद कर म्हणते ना! रिंग काढ, साडी तशीच राहू दे त्यात. मशीन पुन्हा मागच्या टाक्यांवर नेता येतं का, जांभळ्याच्या आधी?"

"येतं."

"मग ब्लेड आण."

रिंग उलटी मांडीवर घेतली. मागच्या बाजूने खालचा दोरा टाक्याटाक्याला कापायचा, मग वरचा ओढून काढायचा. मशीनचे टाके दाट. माझे कधी इतके दाट पडले नाहीत, हेही सांगून टाकते. दोन तास गेले. उरलेल्या भोकांवर नख घासत बसले, सूत पुन्हा जवळ येईपर्यंत. ती शेजारी बसून जांभळे धागे वेचत होती.

"रीळ चुकीचं उचललं का मी?"

"नाही. जांभळंच उचललंस."

"मग रंग बदलायचे थांबे चुकले असतील माझे. कॉम्प्युटरमध्येच घोळ झाला असणार." धागे मुठीत गोळा करत ती हळूच म्हणाली, "आई, मी साडी बिघडवली हे काकींना सांगू नका हं."

मी उठून डब्यातलं फिकट गुलाबी रीळ शोधलं आणि तिच्या हातात दिलं. तिने 'हाच का?' असंही विचारलं नाही. लगेच ओवायला लागली.

"हात तुझा चांगला आहे, यशोधरा," मी म्हणाले. "माणसं मात्र तुला ओळखता येत नाहीत."