दत्तरावची माय आमच्या गाडीत

"घरगुती वापर हाय ताई," किशनराव बॉनेटवरून फडकं फिरवत म्हणाले. "देवाला गेली, लग्नाला गेली. बस, एवढंच."

मी दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि खाली खाली बसतच गेले. फोम पार दबला होता. क्लचच्या पेडलचं रबर घासून गुळगुळीत झालं होतं आणि हॉर्नवरचं चिन्ह पुसून गेलं होतं. देवाला जाणारी माणसं इतका हॉर्न वाजवत नाहीत. उतरून नंबरप्लेट बघितली. पाटी पांढरी, पण एका कोपऱ्यात त्या पांढऱ्याखालून पिवळा रंग डोकावत होता.

"देवाला काय पिवळ्या पाटीवर जात होता का काका?"

किशनराव ओशाळं हसले. "टॅक्सी पासिंग होतं आधी. आमचा योगीराज चालवायचा. त्यानं धंदा सोडला, मग पासिंग बदलून घेतलं. इंजिन तर बगा तुमी."

माझ्या नवऱ्यानं मला बाजूला ओढलं. हरिओम शाळेत क्लार्क आहे. समोरचा खोटं बोलताना सापडला की यालाच लाज वाटते. "राजेश्री, नको ही. घरची गाडी जन्मात पळत नाही तेवढी ही पळाली असेल. आज घेऊ आणि उद्या गॅरेजला लावू."

त्याचं बरोबर होतं, पण मला इंजिनाचं काय करायचं होतं? मला निकिताचं बघायचं होतं. आमच्या पोरीला दमा आहे. गेल्या थंडीत तिला अटॅक आला तेव्हा मी तिला उचलून फाट्यावर पळाले. तिथल्या स्टँडवर दत्तरावचं चालतं. कोणती जीप आधी लागणार, किती सीट भरल्यावर हलणार, सगळं तो ठरवतो. मी पोरीला घेऊन जीपमध्ये बसले आणि तो म्हणाला, "दोन सीटा यायलेत वहिनी, फोन आलाय. तेवढ्या भरू द्या." मी हात जोडले, ओरडले, शिव्या दिल्या. जीप हलली नाही. पोरीचे ओठ माझ्या मांडीवर निळे पडत गेले आणि तो खिडकीशी उभा राहून तंबाखू मळत होता. पोरगी वाचली. पण अजून ती रात्रभर भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपते. त्या दिवसापासून मला एकच पाहिजे होतं, सीट भरायची वाट न बघणारी गाडी.

"चालवून बघू," मी म्हणाले. "आमच्या फाट्यापर्यंत. पोरीलाही दाखवू."

"जिंतूर रोडला कामून?" किशनराव गडबडले. "इकडं विद्यापीठाकून चक्कर मारू की."

"आमचं घर तिकडं आहे."

हरिओम स्टेअरिंगला बसला, मी त्याच्या शेजारी. किशनराव मागच्या सीटवर बसले आणि उन्हाचं निमित्त करून त्यांनी रुमाल तोंडावर ओढला.

गाडी चांगली पळत होती. गिअर जरा घट्ट पडायचा, बाकी तक्रार नव्हती. पण परभणी मागं पडली, झरी गाव सोडलं आणि गंमत सुरू झाली. रस्त्याच्या कडेला उभी असलेली माणसं आम्हाला हात करायला लागली. एका बाईनं तर पिशवी उचलून तयारीच केली. हरिओम हसत होता. मी मागं वळले.

"काका, सगळा रोड ओळखतो हिला."

किशनरावांनी रुमाल काढला. त्यांचा चेहरा उतरला होता. "खरं सांगू का ताई? योगीराज तुमच्याच फाट्यावर चालवायचा. एक दिवस नंबर सोडून सीटा भरल्या म्हणून दत्तरावनं त्याचा हात मोडला. दगडावर ठिऊन मोडला. पोरगं परत स्टेरिंगला बसलं न्हाई. तुमी फाट्यावर गाडी थांबवू नका, हात जोडतो."

हरिओमनं ते ऐकलं आणि तरीही दोन मिनिटांत ब्रेक दाबला. समोर भर उन्हात एक म्हातारी उभी होती, डोक्यावर बोचकं, हात वर. म्हाताऱ्या बाईला उन्हात ठेवून पुढं जाणं त्याला जमतच नाही. मी तिला ओळखलं. धुरपताबाई, दत्तरावची माय.

चल म्हणाले असते तर तो निघाला असता. मी तसं म्हणाले नाही. मी खाली उतरले, तिचं बोचकं घेतलं, तिला पुढं माझ्या जागेवर बसवलं आणि स्वतः मागं गेले. दत्तरावनं आपल्या डोळ्यांनी बघावं, आपली माय दुसऱ्याच्या गाडीतून कशी उतरते ते. मला मनातून गुदगुल्या होत होत्या.

"बरी चालती की गं गाडी," म्हातारी म्हणाली. "आमच्या दत्तूची लय आदळती."

म्हातारीला चालायला नको म्हणून फाट्यावर हरिओमनं गाडी स्टँडच्या बरोबर समोर उभी केली. धुरपताबाई उतरली, खिडकीशी आली आणि कनवटीची नोट काढून त्याच्यापुढं धरली.

"राहू दे माय."

"फुकट बसायला मी भिकारीन हाय का? धर."

म्हातारीचा मान राखायचा म्हणून त्यानं नोट घेतली. तिथंच चुकलं. पांढऱ्या पाटीच्या गाडीनं दत्तरावच्या स्टँडवर सीट उतरवली होती आणि भाडं घेतलं होतं, तेही त्याच्या आईचं, तेही योगीराजच्या गाडीत. सगळ्या स्टँडनं बघितलं.

दत्तराव हॉटेलातून उठून आला. पहिला दगड समोरच्या काचेवर बसला आणि काच जागच्या जागी पांढरी झाली. मग दार उघडलं गेलं आणि हरिओम बाहेर ओढला गेला. "माह्या मायची सीट मारतो? माह्या मायची?" दत्तरावनं त्याची मान धरून डोकं गाडीच्या पत्र्यावर आपटलं. परत आपटलं. हरिओमचं नाक फुटलं, शर्ट लाल झाला. तो हात जोडून काहीतरी सांगायला बघत होता आणि तोंडातून नुसतं रक्त येत होतं. बाकीचे ड्रायव्हर लाथा घालायला धावले. एकानं आरसा उपटला, दुसऱ्यानं हेडलाइट फोडला. धुरपताबाई मध्ये पडून ओरडत होती, "दत्तू, मीच हात केला रं! मीच केला!" त्यानं आईला कोपरानं ढकललं आणि ती बोचक्यावर पडली. किशनराव सीटखाली वाकून बसले होते.

माझ्या पायाला टॉमी लागली, जॅकबरोबर असते ती लोखंडी कांब. माझी पिठाची गिरणी आहे. ज्वारीची पोती मी एकटी उचलते. मी उतरले आणि टॉमी दोन्ही हातांनी घातली. पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला. तो माझ्याकडं वळला आणि मला त्याचा तोच चेहरा दिसला, खिडकीशी तंबाखू मळणारा. दुसरा फटका मी त्या चेहऱ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. लोक काहीही म्हणोत, तो आवाज ऐकून मला बरं वाटलं. तिसरा मी घालणार होते, पण तो खाली पडला होता.

एक डोळा रक्तानं भरला होता आणि घशातून घरघर येत होती. त्याचे पाय मातीत नुसते घासत होते.

स्टँड बघता बघता रिकामा झाला. लाथा घालणारे शूर सगळे आधी पळाले. पोलीस केस म्हटल्यावर कुणी दत्तरावचं राहिलं नाही. दोन जिपा उभ्या होत्या, चाव्या घेऊन ड्रायव्हर उसात शिरले. हॉटेलवाल्यानं अँब्युलन्सला फोन लावला. जिंतूरहून निघते म्हणाले.

धुरपताबाई मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मला शिवी दिली नाही, छाती बडवली नाही. आमच्या गाडीकडं बोट केलं आणि म्हणाली, "बाई, तुझी गाडी रिकामी हाय ना?"

मी काय सांगणार होते? सीट भरायच्यात म्हणून? माझ्या हातातली टॉमी खाली पडली.

"उचला याला," मी म्हणाले.

किशनराव तेवढ्यात बाहेर आले होते आणि चावी काढून मुठीत धरून उभे होते. "न्हाई ताई. ह्यानं माह्या लेकराचा हात मोडला. माह्या गाडीत हा मरायचा न्हाई."

"तुमची गाडी नाही ती. घेतली मी. सांगाल त्या भावात घेतली."

"आधी व्यवहार..."

मी त्यांची मूठ उघडून चावी काढून घेतली. म्हातारा रडत होता. त्याचंही खोटं नव्हतं, पण मला थांबायचं नव्हतं.

हरिओमनं फुटकी काच कोपरानं बाहेर ढकलली आणि माझ्या पदराला नाक पुसून तो स्टेअरिंगला बसला. मी आणि हॉटेलवाल्यानं दत्तरावला मागच्या सीटवर टाकलं. जड होता. म्हातारी त्याच्याजवळ शिरली, किशनराव फाट्यावरच राहिले. गाडी परभणीकडं वळली तशी उघड्या समोरून धूळ आणि गरम वारा थेट तोंडावर यायला लागला. मी पुढच्या सीटवरून मागं वळून एका हातानं दत्तरावच्या डोळ्यावर फडकं दाबून धरलं होतं. बोटांच्या मधून रक्त येतच होतं. ज्याला मारताना बरं वाटलं होतं, त्याला आता मी मनातल्या मनात मरू नको, मरू नको म्हणत होते.

रस्त्याला माणसं अजून हात करत होती. हरिओम कुणासाठी थांबला नाही.

झरीजवळ धुरपताबाईनं कनवटीला हात घातला. चुरगळलेल्या नोटा निघाल्या. तिच्या बोटांना मुलाचं रक्त होतं, ते नोटांना लागलं. तिनं त्या माझ्यापुढं धरल्या.

"दोघांचं हाय," ती म्हणाली. "कमी पडलं तर सांग, पण आता मधी कुटं थांबू नको."

माझा एक हात तिच्या लेकाच्या डोळ्यावर होता. दुसऱ्या हातानं मी भाडं घेतलं.