सायकलच्या वाटेवरचा खांब

मित्रांनो, कमरेएवढी उंची, अंगावर पांढरे-हिरवे पट्टे आणि डोक्याला एक खोक, एवढीच माझी ओळख. मी सायकलच्या वाटेवरचा एक जुना लोखंडी खांब आहे. खांबाला कसले आले आहे आयुष्य, असे तुम्हांला वाटेल. मलाही पुष्कळदा तसेच वाटते. तरी सांगून बघतो.

माझा जन्म मारहाणीतच झाला. कारखान्यात करवतीने मला लांब नळीतून कापले, आगीने डोक्यावर झाकण चिकटवले आणि जोड पक्का बसला की नाही, हे हातोडे हाणून पाहिले. तेव्हा कुणी म्हणाले असते, की तुला माणसांचा जीव वाचवायचा आहे, तर मला खरे वाटले नसते.

सरकारने तेव्हा नवे धोरण आणले होते. लोकांनी रोज सायकलने कामाला जावे, म्हणून रस्त्याच्या कडेला वेगळी वाट आखायची आणि मोटारी तिच्यात घुसू नयेत म्हणून खांब रोवायचे. उद्घाटनाला मंत्रीसाहेब कोपऱ्यापर्यंत सायकलवर गेले आणि फोटो होताच मोटारीत बसले. पण वाट राहिली.

माझे भाऊबंद सिमेंटमध्ये कायमचे पक्के झाले. मी तेवढा निराळा. समोरच्या सिमेंटच्या दुकानाचा मालक कचेरीत जाऊन भांडला, "माझा माल काय आभाळातून उतरवू?" मग मधला मार्ग निघाला. मला जमिनीतल्या खोबणीत बसवले आणि कुलूप लावले. किल्ली दुकानात. माल आला की मला काढायचे, टेम्पो आत घ्यायचा, माल उतरला की पुन्हा लावायचे.

हे काम दुकानातल्या हमालाकडे होते. बरगड्या मोजाव्यात असा माणूस, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. पहिले काही महिने त्याने मला नेमाने लावले. मग त्याला कंटाळा आला. एक टेम्पो गेला की दुसरा येतोच, कशाला वाकायचे? तो मला भिंतीला टेकवून ठेवू लागला आणि माझ्या जागी रंगाचा रिकामा डबा. लांबून सगळे ठीकठाक दिसे.

त्या वाटेने इस्पितळातल्या एक सिस्टर रोज जात. चाळिशीत सायकल शिकलेल्या. खांब आहेत म्हणूनच त्यांनी धीर केला होता.

"काय पैलवान, आज पहाऱ्याला डबा?"

"दोनच मिनिटं, सिस्टर! पोती उतरली की लावतोच खांब."

"आणि डब्याला गाडी धडकली तर?"

"वाजेल की!"

दोघेही हसत. मी भिंतीला टेकून ऐकत असे.

एका सकाळी रस्ता तुंबला होता. भाजीच्या एका टेम्पोवाल्याला घाई होती. मोकळी वाट दिसली आणि त्याने टेम्पो आत घातला. डबा खरोखरच वाजला. पाठोपाठ दुसरा आवाज झाला. सायकलचे चाक पापडासारखे मुडपले होते आणि सिस्टर फुटपाथच्या कठड्याशी पडल्या होत्या. त्यांचा हात कोपराखाली नको तिकडे वळला होता आणि बाहीतून रक्त ठिबकत होते.

माणसे धावली, पण त्यांच्याकडे थोडीच. बाकीच्यांनी टेम्पोवाल्याला केस धरून खाली ओढले. लाथा, बुक्क्या, चपला. "सोडू नका!" "गाडी फोडा त्याची!" त्याचा ओठ फाटला, एक दात रस्त्यावर पडला. "पाया पडतो, दादा," तो म्हणत होता, पण कुणाच्या, ते त्याला दिसत नव्हते.

सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता पैलवान. त्याने मला उचलले. पहिला घाव काचेवर, दुसरा टेम्पोवाल्याच्या खांद्यावर. हाड मोडल्याचे मला कळले. त्याचे रक्त माझ्या पट्ट्यांवर उडाले. तिसऱ्या घावासाठी पैलवानाने मला डोक्यावर उचलले. समोर त्या माणसाची कवटी होती.

"पैलवान!" सिस्टर कठड्याला टेकून बसल्या होत्या. "खांब कुठं होता?"

"सिस्टर, याला आधी..."

"मी विचारतेय, खांब कुठं होता?"

पैलवानाने मला खाली घेतले. "भिंतीला," तो म्हणाला.

"मग आधी लावा तो. मागून माणसं येतायत."

खरोखर, एका मोटारीने आमच्या वाटेकडे नाक वळवले होते आणि पलीकडून शाळेची मुले सायकली दामटत येत होती. पैलवान धावला. त्याने मला खोबणीत आदळले आणि कुलूप दाबले. पुढच्याच क्षणी मोटार माझ्या डोक्यावर धडकली. ही खोक तिचीच. पण मी हललो नाही. मुले घंटा वाजवत निघून गेली.

मग पैलवानाने सिस्टरना दुकानाच्या हातगाडीवर घालून इस्पितळात नेले आणि परत येऊन टेम्पोवाल्यालाही नेले.

प्लास्टर निघाल्यावर सिस्टर पुन्हा सायकलवर दिसू लागल्या. हात अजून पुरता सरळ होत नाही. पैलवान आता प्रत्येक टेम्पोनंतर वाकतो.

मित्रांनो, सरकार वाट आखून देते, खांब रोवून देते. पण काढलेला खांब परत लावायला सरकार येत नाही. तुमच्यापैकी कुणाला कधी संताप आला आणि हाती माझ्यासारखे काही लागले, तर मारण्याआधी एवढेच करा. माझी खोबणी रिकामी आहे का, ते बघा.