दुसऱ्यांदा गेलेली माणसं

दाराखाली वाळू किरकिरली. तेवढ्यानेही यायराने कूस बदलली आणि पुन्हा झोपली. आकोर्फाने श्वास रोखून दार आणखी वीतभर लोटलं, रात्रीतून उंबऱ्याशी साचलेली वाळू झाडून काढली आणि चार वर्षांच्या लेकीला झोपेतच पाठीवर घेऊन वरून कापड घट्ट बांधलं. मानेवर पोरीचा गरम श्वास येत होता. तिला असं पाठीवर वाहायचे आता थोडेच महिने उरले होते. पाय आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबायला लागले होते.

गावच्या रेडिओ केंद्रात आकोर्फा नऊ वर्षं बातमीदार होती. वारा, लाटांची उंची, मासळीचे भाव, शाळेचे निकाल. सकाळी सहाला निधनवार्ता. परवाच्या भरतीने दफनभूमीतली कबरींची शेवटची रांग नेली, त्या रांगेत तिची आई होती.

केंद्र चालवणारे क्लुत्सेदादा तिच्या आधीच येऊन बसले होते.

"तू रेकॉर्ड केलेली बातमी ऐकली," ते म्हणाले. "ट्रकांचं काढून टाकलंय."

"का?"

"अगं, समुद्र चढतोय, हवा बदललीय, सांग की हवं तेवढं! समुद्राला खुशाल नावं ठेव. तो काही आपल्या दारात भांडायला येत नाही."

"परवा आलाच होता, दादा."

"जीभ बघा हिची!"

"समुद्र चढतोय हे मीच नऊ वर्षं सांगतेय. पण त्याला अडवणारी वाळू ठेकेदार उचलतोय. दिवसाला बावीस फेऱ्या. तुम्हाला खिडकीतून दिसत नाहीत होय?"

"दिसतात. आणि हा जनरेटर कोणी दिला तेही दिसतं. तो नेला त्याने, तर काय झाडावर चढून बातम्या देणारेस?"

आकोर्फा हसली नाही. तिने यायराला टेबलाखाली चटईवर निजवलं.

"निधनवार्ता तरी वाचू ना?"

"वाच. त्याला कोण नाही म्हणतंय?"

कोणीच म्हणत नसे. निधनवार्ता लागली की होड्यांवर, चुलींपाशी रेडिओचा आवाज वाढे. गेलेल्याचं नाव मध्येच तोडणं म्हणजे त्याला अर्ध्या वाटेत टाकून येणं. आणि वार्ता कानावर पडली की सुतकाचं लाल-काळं कापड नेसून मयताला निघायचं, हे गावात कोणाला शिकवावं लागत नसे.

सहा वाजले. आकोर्फाने माईक जवळ ओढला.

"आट्सिकोपे गावची एक्केचाळीस माणसं परवाच्या भरतीत दुसऱ्यांदा गेली. पहिली, आमी सेवोर. मासे भाजून विकायची. मागे एक लेक, एक नात. मृत्यूचं कारण, चढता समुद्र आणि त्याच्या आडवी येणारी वाळू उचलून नेणारे ट्रक. विधी आज आठ वाजता, ट्रकांच्या रस्त्यावर."

"अगं, वेडी झालीस का!" काचेपलीकडे क्लुत्सेदादांचा हात बटणाकडे गेला.

ती थांबली नाही. दुसरं नाव, मागचा परिवार, तेच कारण.

"तिसरे, सेन्यो क्लुत्से. जाळी विणायचे. मागे दोन मुलगे."

हात बटणावरच राहिला. टेबलावर त्यांचा फोन थरथरायला लागला. ठेकेदाराचाच असणार, बघायची गरज नव्हती. दार उघडून ते आत आले. आता तार उपटणार, असं वाटून आकोर्फाने माईक दोन्ही हातांनी धरला.

ते माईककडे वाकले. घसा खाकरून म्हणाले, "बाबांचं कोफी राहिलं. सेन्यो कोफी क्लुत्से. शुक्रवारचा जन्म, म्हणून कोफी."

मग त्यांनी बाहेर जाऊन फोन खणात टाकला, खण गुडघ्याने ढकलला आणि परत येऊन तिच्याशेजारी स्टुलावर बसले. पुढच्या नावावर बोट ठेवून हळूच म्हणाले, "घाई नको करू. सगळ्यांची पूर्ण नावं घे."

एक्केचाळीस नावांना पाऊण तास लागला.

"उद्या जनरेटर नसणार," ते म्हणाले.

"झाडावर चढते."

आठ वाजता किनाऱ्याकडे जाणारा रस्ता लाल-काळ्या कापडांनी भरून गेला होता. म्हाताऱ्या घरून चौरंग घेऊन आल्या होत्या आणि बरोबर रस्त्याच्या मधोमध बसल्या होत्या. पहिल्या ट्रकने हॉर्न दिला.

"कोणाला वाजवतोस रे?" एक म्हातारी बसल्या जागेवरून ओरडली. "मयताला आलोय आम्ही. उतर खाली. सतरावी तुझीच आजी होती, कान फुटलेत का तुझे?"

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मग तो उतरला, आणि टोपी काढून हातात धरली. मागे आणखी सहा ट्रक उभे होते. वाळू भरायला निघालेले ते सगळे रिकामेच होते.

आकोर्फा लेकीला घेऊन खाली किनाऱ्यावर उतरली. शेवटची रांग होती तिथे आता उभी कापलेली वाळू होती आणि पुढे पाणी. यायराच्या हातात भोपळ्याची वाटी होती, तीत मक्याचं पीठ कालवलेलं पांढरं पाणी. आजीच्या कबरीच्या उशाशी ते नेहमी यायराच ओतायची. दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला चालत नसे.

पोरीने वाटी सांभाळत दोन पावलं टाकली. लाट तिच्या पायांपर्यंत आली आणि मागे गेली. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"आई, आजीचं पाणी आता कुठे ओतू?"